एक किलो आठशे जास्त

"ऐंशी पुरे!" दादू तोलार काट्यावरचा आकडा बघून ओरडला. "सकाळी किती हुतं सरांचं?"

आप्पा नलवड्यांनी गोदामाच्या दारावर खडूनं लिहिलेले आकडे वाचले. "अठ्ठ्याहत्तर किलो दोनशे."

"मग एक किलो आठशे जास्त की हो!"

टाळ्याच पडल्या. डोक्यावरची हेल्मेटंही न काढलेली ती पाच-सहा माणसं "नाद खुळा, सर!" म्हणून ओरडायला लागली. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, जोखायच्या त्या लोखंडी काट्यावर माझा नवरा घट्ट, ओल्या कपड्यांत, अनवाणी, दोन्ही हात वर करून उभा होता. निवडणूक जिंकल्यासारखा. मी माझ्या टेबलाशी उभी होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. शाहूपुरीत आमची गुळाची पेढी आहे. आधी वडिलांची होती, आता माझी. नवरा विरूपाक्ष हेब्बाळे, तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायचे. मी नवऱ्याचं नाव घेऊन बोलते. सासूबाई होत्या तोवर त्यांना खटकायचं, आता कुणाला खटकलं तर खटको. तर या माणसाला एक्कावन्नाव्या वर्षी ट्रायथलॉनचं वेड लागलं. म्हणजे आधी तलावात पोहायचं, तसंच ओलं बाहेर येऊन सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की पळायचं. मधे चहा नाही, गप्पा नाहीत. यात मजा काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "शेवट झाला की कळतं." मी म्हटलं, "कुणाचा शेवट?"

आप्पा नलवडे हे त्या टोळीचे म्होरके. शाळेतून रिटायर झालेले पी.टी.चे मास्तर, साठी उलटलेली, पण पोटऱ्या बघाल तर उसाची कांडी. दर रविवारी पहाटे सगळे आमच्या गोदामात यायचे, दादू त्यांना काट्यावर चढवायचा आणि आकडे दारावर लिहायचा. मग राजाराम तलाव, मग राधानगरीच्या रस्त्यानं सायकल, मग थोडं पळणं, आणि दुपारी परत काट्यावर. घरोघरचे वजनकाटे वेगवेगळं बोलतात, गुळाचा काटा खोटं बोलत नाही, असं आप्पांचं म्हणणं. नियमही त्यांचाच: ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरलं, तो पाणी कमी प्यालेला आळशी, त्यानं सगळ्यांच्या सायकली धुवायच्या.

विरूपाक्षांना घाम असा यायचा की बसल्या जागी थारोळं. लागोपाठ तीन रविवार सहाही सायकली त्यांनीच धुतल्या होत्या. तिसऱ्या रविवारी आप्पांनी त्यांना भांडी घासायचा ब्रश भेट दिला, वर हार घातला. हसले तेही, पण मला कळत होतं, मनाला लागलंय. इंजिनियर माणूस, वर्गातल्या पोरांना मोजमाप शिकवणारा. त्याला काट्यावर हरणं कसं चालेल?

म्हणून त्या दिवशी ते हात वर करून उभे होते. आणि मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं.

त्याचंही सांगते, नाहीतर मी उगाच खाष्ट वाटेन. आठ महिने घरात या शर्यतीशिवाय विषय नव्हता. गोव्याची शर्यत, मार्चअखेर. पहाटे चारला गजर, रात्री पावणेनऊला दिवे बंद. ताटात बसलं की घास मोजायचा. गूळ नको, तेल नको, चटणीकडं तर बघायचंच नाही. आम्ही गुळावर जगणारी माणसं आणि घरात कुणी गुळाचा चहा केला की हे नाक मुरडणार! त्यात दोन महिन्यांपूर्वी रक्तदाब निघाला. घरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करा म्हणाले. कमी म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी बंदच करून टाकलं.

आणि मग लेकीला, अक्षताला, बघायला इचलकरंजीचे पाहुणे आले. दहाची वेळ. हे साडेअकराला आले, सायकलच्या त्या आखूड चड्डीत, लोखंडी तळाचे बूट फरशीवर टकटक वाजवत. नमस्कार केला, आणि पाहुण्यांपुढं ठेवलेल्या ताटातली दोन केळी उभ्या उभ्या खाल्ली. "पंचेचाळीस मिनिटांच्या आत खावं लागतं," असं मुलाच्या आईला समजावूनही सांगितलं. अक्षता पदरात तोंड घालून हसत होती. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "तुमची शर्यत झाली की घरी या. तोवर मला हाक मारू नका."

ते म्हणाले, "बरं."

आणि खरंच मारली नाही! एवढं आज्ञाधारक त्यांनी लग्नाच्या तीस वर्षांत कधी असू नये आणि नेमकं तेव्हा असावं. दळण आणायचं असलं तर फ्रिजवर चिठ्ठी. पेढीवर आले तर दादूच्या मध्यस्थीनं. "दादू, तुझ्या मालकीणबाईंना सांग, विजेचं बिल भरलं." "दादू, सरांना सांग, समजलं." दादूला या निरोप्याच्या कामात मौज वाटायला लागली होती. मला नव्हती वाटत. रात्री कूस बदलताना वाटायचं, आता बोलावं. पण मी आधी का, असं म्हणून परत पाठ करायची.

तर टाळ्या संपल्या, आणि विरूपाक्ष काट्यावरून उतरले. चार बोटांची पायरी ती, पण पाय चुकला. आप्पांनी दंड धरला.

"गिरिजा," ते माझ्याकडं बघून म्हणाले, "डोकं फुटतंय गं."

अकरा दिवसांत पहिल्यांदा माझं नाव! आणि मी काय करावं? मी म्हटलं, "दादू, सरांना म्हणावं सावलीत बसा."

आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते पोत्यांना टेकून बसले. मनगटावरचं घड्याळ काढायला गेले तर पट्टा सुटेना. मी लांबून बघत होते. पट्टा मांसात रुतला होता. बोटं फुगून एकमेकांना चिकटली होती, लग्नातली अंगठी दिसेनाशी झालेली. मग एकदम पुढं वाकले आणि ओकले. नुसतं पाणी. स्वच्छ पाणी, भांडंभर.

"ऊन लागलं," कुणीतरी म्हणालं.

विरूपाक्षांनी तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, मग पोहायला कधी निघायचं?"

सगळे हसले. सरांचा विनोद! आप्पासुद्धा म्हणाले, "निघू की, सर, दम खाऊन." पण मी त्या माणसाचे विनोद तीस वर्षं ऐकलेत. विनोद करताना त्यांचा डावा डोळा बारीक होतो. आता दोन्ही डोळे उघडेच होते आणि कशावरच नव्हते.

"आप्पा, कधी निघायचं?" त्यांनी परत विचारलं. "वजन केलं का माझं?"

आता हसणं थांबलं.

"पाणी आणा, पाणी!" आप्पा ओरडले. "अंगातलं पाणी संपलंय. लिंबू पिळा कुणीतरी. आणि ती गार बाटली दे इकडं."

बाटली विरूपाक्षांच्या ओठाला लागली. ते शहाण्या मुलासारखे प्यायला लागले. दादू माझ्याजवळ उभा होता, काट्याकडं बघत. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मालकीणबाई, माल वाटेत वाढत न्हाई. वाढला तर भिजलेला असतोय."

हे वाक्य आमच्या धंद्यात लहान पोरालाही माहीत असतं. पावसाळ्यात गाडी शंभर रवे घेऊन निघाली आणि इथं वजन जास्त भरलं, तर खूश व्हायचं नसतं. गुळानं पाणी धरलंय, आतून पाझरायला लागलाय, दोन दिवसांत हाताला चिकटेल. असला माल मी आयुष्यभर वरून बोट लावून ओळखत आले. आणि माझा नवरा साडेसहा तास उन्हातान्हात राबून, घाम गाळून, एक किलो आठशे वाढून आला होता, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

मी धावले आणि बाटली हिसकावली. पाणी त्यांच्या छातीवर सांडलं.

"वैनी!" आप्पा ओरडले. "काय करताय? माणूस चाललाय हितं!"

"पाणी द्यायचं नाही. एक थेंब नाही."

"अहो, तुमचं भांडण बाजूला ठेवा! नंतर भांडा की!"

ते सगळे माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत स्वच्छ दिसत होतं: ही बाई रागापायी नवऱ्याला पाणी नाकारतेय. पण मला तेव्हा कुणाच्या नजरेची पर्वा नव्हती.

"आप्पा, त्यांच्या अंगात पाणी कमी नाही, जास्त झालंय," मी म्हटलं. "काटा सांगतोय. तुम्हीच म्हणता ना, हा काटा खोटं बोलत नाही? मग गाडी काढा. आत्ताच्या आत्ता."

आप्पांनी एकदा दारावरचा खडूचा आकडा बघितला, एकदा विरूपाक्षांचे हात. मग किल्ली घेतली.

गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. "अहो," मी म्हणत होते, "अहो, मी बोलतेय. बघा माझ्याकडं." त्यांनी बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुठं उतरणार?"  आयुष्यात मी एवढी कधी भ्याले नाही. बाप गेला तेव्हाही नाही. देवा, हा माणूस मला ओळखत नाही असाच गेला तर, आणि मी शेवटचं काय बोलले? 'दादू, सरांना म्हणावं सावलीत बसा.'

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, शर्वरी कित्तूरकर नावाची. तिशीची असेल, केस वर बांधलेले, आवाज शांत.

"उन्हात सायकल चालवली, पाणी कमी पडलंय," आप्पा धापा टाकत म्हणाले. "सलाइन लावा, डॉक्टर, दोन बाटल्या."

"कमी नाही पडलं," मी म्हटलं. "वजन वाढलंय. पहाटे अठ्ठ्याहत्तर दोनशे, दुपारी ऐंशी."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "वाढलंय? नक्की?"

"गुळाचा काटा आहे, डॉक्टर. पन्नास ग्रॅम इकडचे तिकडं होत नाहीत."

त्यांनी विरूपाक्षांची फुगलेली बोटं दाबून बघितली. "किती पाणी प्यालेत हे?"

आप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. "घरनं पाच बाटल्या. आणि वाटेत प्रत्येक थांब्याला भरून घेत हुते. आज हरायचं न्हाई म्हणत हुते. नऊ लिटर झालं असंल, धा बी."

"नुसतं पाणी?"

"न्हाई न्हाई!" आप्पांना तो अपमानच वाटला. "मिठाची पावडर घातलेलं. तयार पुड्या मिळत्यात. घरनं निघतानाच्या बाटल्यांत पुडी पायजेच, वाटेत भरताना बी नवी पुडी टाकायची. माझा कडक नियम हाय, आणि सर तर नियमाचे पक्के."

"सगळ्या बाटल्यांत?"

"सगळ्या."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. सिस्टरला म्हणाल्या, "रक्त घ्या, सोडियम लगेच बघायला सांगा. आणि स्कॅनवाल्यांना फोन लावा. मेंदूत काही झालंय का तेही बघावं लागेल."

आणि मला समजलं की ही मुलगी आता दुसऱ्या वाटेनं शोधायला निघालीय. मी बोलले नाही तर ती तिकडं वेळ घालवणार. आप्पा शेजारीच उभे होते. दारात दोघं सायकलवाले येऊन थांबले होते.  विरूपाक्ष खाटेवर पडून छताशी काहीतरी पुटपुटत होते.

"पावडर नव्हती," मी म्हटलं.

"काय?"

"बाटल्यांत पावडर नव्हती. मी काढली."

आप्पा माझ्याकडं वळले. मी त्यांच्याकडं न बघता डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, एका दमात. काल संध्याकाळी ह्यांनी ओट्यावर पाच बाटल्या भरून ओळीनं ठेवल्या होत्या. मी पुडी उलटून वाचली तर मागं मिठाचं प्रमाण लिहिलेलं. रक्तदाबाचा माणूस, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, आणि हा गडी पाण्यातून मीठ पिणार! विचारायचं तर बोलणं बंद. म्हणून मी पाचही बाटल्या मोरीत ओतल्या, विसळल्या, साध्या पाण्यानं भरून होत्या तशा ठेवल्या. त्यांच्या पिशवीतल्या पुड्याही काढून तांदळाच्या डब्यात खुपसल्या. मला वाटलं मी त्यांचा जीव वाचवतेय.

"आणि जेवणात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन महिने मीठ बंद आहे. पूर्ण."

"वैनी, हे काय करून बसला हो!" आप्पांचा आवाज फाटला.

"काका, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "बरं झालं सांगितलंत. रक्तदाबाची गोळी कुठली?"

मी पर्समधून पाकीट काढलं. त्यांनी नाव वाचलं आणि मान हलवली. "ही गोळीपण लघवीवाटे मीठ बाहेर काढते. घामातून मीठ गेलं, गोळीनं गेलं, पोटात आलं नाही, आणि वर दहा लिटर साधं पाणी. रक्त पातळ झालंय त्यांचं. तेच पाणी मेंदूत शिरून सूज..."

तेवढ्यात खाट खडखडली. विरूपाक्षांचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं, दातखीळ बसली, हातपाय आपटायला लागले. मी किंचाळले असेन. मला आठवत नाही.

"सिस्टर, तीन टक्के मिठाचं सलाइन, शंभर मिली, आत्ता!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "रिपोर्टची वाट बघायची नाही. ह्यांना बाहेर न्या."

बाहेरच्या बाकावर आप्पा डोकं धरून बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसले. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा.  मनात एकच चालू होतं, मीच केलं, मीच केलं. वाईट हेतूनं माणूस मारला तर निदान तुरुंग तरी आहे. काळजीनं मारला तर कुठं जायचं?

बऱ्याच वेळानं आप्पा बोलले. "वैनी, मघाशी मी वरडलो."

"बरोबरच ओरडलात."

"बरोबर कुठलं? सायकली धुवायचा नियम कुणी काढला? ज्याचं वजन उतरलं तो हरला. मग माणूस काय करील? पीत ऱ्हाईल. फुटेपर्यंत पीत ऱ्हाईल." त्यांनी नाक शिंकरलं. "चाळीस वर्षं पोरांना खेळ शिकवला मी. वाढलेलं वजन बगून टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या."

मी सरकून त्यांच्याजवळ बसले.

एक सिस्टर कागद घेऊन पळत आत गेली. दार उघडं असताना डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू आला, "सोडियम एकशे सतरा. बघा, म्हटलं होतं ना. एकशे पस्तीस तरी पाहिजे." मग दार बंद. परत शंभर मिलीची एक पिशवी आत गेली. घड्याळात अडीच वाजले, पावणेतीन वाजले. आप्पांनी कुणाला तरी चहा आणायला पाठवलं, तो आला, तो तसाच गार झाला.

सव्वातीनला दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम होता आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. ते हसू मी आधी बघितलं, शब्द नंतर ऐकले.

"नाव सांगितलं त्यांनी."

"कुणाचं?"

"आधी स्वतःचं, मग तुमचं. झटका परत आलेला नाही. मूत्रपिंडं आपलं काम करतायत, नको असलेलं पाणी भराभर बाहेर टाकतायत. आज आणि उद्या इथं ठेवून घेते, पण धोका टळलाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "सायकल कुठाय, असंही विचारलं."

मी हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले मला कळलं नाही, आणि आप्पा, एवढा रांगडा माणूस, माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होते. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरून मी म्हटलं, "बाई, तुमच्या पाया पडू का?" त्या म्हणाल्या, "नको हो, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या." मग मी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. बाकावर येऊन तो गार चहा एका घोटात प्याले. एवढा गोड चहा मी नंतर कधी प्याले नाही, आणि त्यात साखर तरी होती की नाही देव जाणे.

गोव्याची शर्यत अर्थातच गेली. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या एका शर्यतीत उतरले, शेवटून तिसरे आले आणि धडधाकट आले. मी तिथं सुकामेवा आणि मिठाच्या गोळ्या घेऊन उभी होते, डॉक्टरांना विचारून. आप्पांनी नियम बदलला. आता ज्याचं वजन वाढेल त्याला आधी धरून बसवतात आणि मग चौकशी करतात. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सकाळी त्यांना उशाला टेकवून बसवलं होतं. चेहऱ्यावरची सूज उतरलेली, हाताची बोटं परत बोटांसारखी दिसायला लागलेली. सिस्टरनं दहा मिनिटं भेटायला दिली होती. मी खुर्ची ओढून बसले आणि रात्रभर मनात घोकलेलं बोलून टाकलं.

"मी बाटल्या बदलल्या होत्या. पावडर ओतून दिली. पुड्याही लपवल्या. तुम्हाला काय शिक्षा द्यायची ती द्या."

विरूपाक्षांचा डावा डोळा बारीक झाला.

"माहीत आहे मला."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. पहिल्याच घोटाला कळलं. मीठ असलेलं पाणी आणि साधं पाणी कळत नाही होय?"

 "कळलं होतं? मग... मग प्यालात कशाला? वाटेत एखाद्या हॉटेलात चिमूटभर मीठ मागता येत नव्हतं? परत फिरता येत नव्हतं? आप्पांना सांगता येत नव्हतं?"

"येत होतं की."

"मग?"

त्यांचा आवाज अजून घोगरा होता. "अकरा दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस, गिरिजा. मला वाटलं होतं, माझं काय चाललंय ते आता तू बघतही नाहीस. आणि तळ्यातून बाहेर आलो, पहिली बाटली उघडली, घोट घेतला, तर साधं पाणी. म्हटलं, अरेच्चा! हिनं रात्री उठून पाच बाटल्या ओतल्या, विसळल्या, भरल्या. माझ्या रक्तदाबासाठी." ते हसले. "इतकं बरं वाटलं मला. वाटलं, ही बोलली. मग एक थेंब ठेवला नाही."

"आणि वाटेत वर भरून घेतलं ते?"

"ते सायकली धुवायला नको म्हणून."

मी उठले. खरंच सांगते, त्या माणसाला मारावं की मिठीत घ्यावं ते मला कळेना. "खुळे आहात का हो तुम्ही?" मी म्हटलं. "मरायला निघाला होतात! माझ्या हातून मरायला निघाला होतात! आणि ते केळीचं काय? पाहुण्यांसमोर उभं राहून केळी खातं का कुणी? आणि हाक मारू नका म्हटलं तर मारायची नाही? बायको रागानं बोलते ते सगळं खरं मानायचं असतं? पहाटे चारला उठून कुठं जाता ते मला कोण सांगणार, फ्रिज? आणि मी बाटल्या बदलल्या हे कळलं होतं तर तिथनं एक फोन करता आला नाही? 'गिरिजे, हे काय केलंस' म्हणून शिव्या द्यायच्या, भांडायचं! भांडला असतात तर..." मी थांबले नाही. जे जे आठवलं ते सगळं बोलत सुटले, अक्षताच्या पाहुण्यांपासून विजेच्या बिलापर्यंत, आणि आवाज बाहेर वऱ्हांड्यात जात होता.

सिस्टर दारात आली. "मॅडम, हळू. पेशंटला त्रास होतोय. वेळ संपली तुमची."

विरूपाक्षांनी सलाइन लावलेला हात वर केला.

"राहू दे, सिस्टर," ते म्हणाले. "बोलू दे तिला. अकरा दिवसांचं राहिलंय."